गोळी वाढवून द्या

धाकट्याला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, हे सगळ्या घराला पाठ होतं. तो कामाला होता त्या लॉन्ड्रीत समोरच्यानं जांभई दिली, तरी त्याला तो आपला अपमान वाटायचा. स्किझोफ्रेनियाचं नाव कळायच्या आधी त्यानं निम्म्या गल्लीशी भांडणं उकरून काढली होती, आणि नाव कळल्यावरही ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत गोळ्या बेसिनमध्ये सोडल्या होत्या. आता तो शहाणा झाला होता. संशय आला की थेट ताईला विचारायचा आणि ती सांगेल ते खरं धरायचा. एवढा विश्वास लोक देवावरसुद्धा ठेवत नाहीत.

त्या रविवारी ताई आणि तिचा नवरा स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलत होते. नवऱ्याची बदली झाली होती. नवं घर लहान, तेव्हा धाकट्याचं काय करायचं? तो दारात आला आणि दोघांनी तोंडं मिटली.

“ताई, माझ्याबद्दल बोलत होता का?”

“छे रे! तुझ्या मनाचे खेळ.”

वेळ मारून नेण्यात ताईचा हात कुणी धरू शकला नसता. पुढे आठवडाभर हेच चाललं. शेवटी तोच तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला.

“आजार परत आलाय,” तो शांतपणे म्हणाला. “घरचे माझ्याबद्दल कुजबुजतात असं वाटतं. ताई नाही म्हणते, म्हणजे नसणारच. गोळी वाढवून द्या.”

ताईला जुनं आठवलं. मागे गोळी वाढवली, तेव्हा त्याचे हात असे थरथरायचे की मालकानं त्याला इस्त्रीवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं होतं. ती इस्त्री त्यानं रडतखडत परत मिळवली होती. आणि आता हा भाबडा आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेत होता, तोही तिनंच हातात दिलेला.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

“थांबा,” ताई म्हणाली. “आम्ही खरंच बोलत होतो. याच्याबद्दलच. मी खोटं सांगितलं.”

आता हा उसळणार, असं तिला वाटलं. पण त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?”

“हो रे राजा. अगदी बरोबर.”

तो मोठ्यानं हसला. शरमेनं ताईला मान वर करवेना.

“मग काय ठरलं माझं?”

“तुला इथेच ठेवून जायचं,” ती कशीबशी म्हणाली.

त्याचं हसू हळूहळू मावळलं.

“मग इथे कुणी हसलं,” त्यानं विचारलं, “तर मी कुणाला विचारायचं?”