सगळीकडे मिळणारं पुस्तक

माझ्या सासूबाई ऑपरेशन थिएटरच्या हेड सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर बायका झाडं लावतात, सासूबाईंनी खून केला. म्हणजे कादंबरीत. एका सर्जनचा, त्याच्याच थिएटरमध्ये, आणि इतक्या सफाईने की हस्तलिखित वाचल्यावर माझा नवरा आठवडाभर आईशी जरा जपूनच बोलत होता.

प्रकाशकांनी मात्र दाद दिली नाही. एकाने लेखिकेचं वय विचारलं, दुसऱ्याने काहीच विचारलं नाही.

"मग आपणच काढू," मी म्हटलं. मी फरशांच्या कंपनीत कॅटलॉग करते. मांडणी, कव्हर हा माझा रोजचाच उद्योग. ई-पुस्तक तयार करून एखाद्या वितरकाकडे दिलं की तो ते निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांत आणि लायब्ऱ्यांत पोचवतो, हे मी शोधून काढलं होतं.

"फरशी वेगळी आणि कादंबरी वेगळी गं," नवरा म्हणाला.

"तिच्या फरशा निदान खपतात," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

पहिल्याच फेरीत पुस्तक परत आलं. कव्हरवर मी त्यांच्या नावातलं मधलं आद्याक्षर गाळलं होतं, वितरकाला भरून दिलेल्या माहितीत मात्र ते होतं. वितरकाचं म्हणणं, दोन्हीकडे एकच नाव हवं. एवढ्याशा अक्षरासाठी अडवतात म्हणून मी चिडले. सासूबाई उलट खूश झाल्या.

"बरोबर आहे त्यांचं. भूल द्यायच्या आधी आम्ही मनगटावरच्या पट्टीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळवायचो. नाहीतर भलत्याच माणसाचा गुडघा उघडला असता."

मी अक्षर घातलं. मग एकेका दुकानात पुस्तक दिसू लागलं. जिथे दिसेल तिथे सासूबाई चष्मा पुसून कव्हर बघायच्या, मोबाईल माझ्या नवऱ्याच्या नाकासमोर धरायच्या आणि पुढे जायच्या.

सगळ्यात जास्त आनंद आक्कांना झाला. आक्का म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहीण, दुसऱ्या गावी एकट्या राहतात. त्यांची नजर इतकी अधू झाली होती की छापील पुस्तक कधीच सुटलं होतं. त्यांच्या गावच्या लायब्ररीने वितरकाकडून कादंबरी घेतली. आक्का ती टॅबलेटवर उघडून अक्षरं बटणाएवढी मोठी करायच्या आणि वाचायच्या.

"तो भूल देणारा डॉक्टर मला पहिल्यापासून आवडला नाही," त्या फोनवर ओरडायच्या. "पण तू काही सांगू नकोस हं! माझं मला कळू दे!"

अशात सगळ्यात मोठ्या दुकानाकडून निरोप आला. पुस्तक काही महिने फक्त आमच्याकडेच ठेवा, आम्ही ते वेबसाइटच्या पहिल्या पानावर झळकवू. मी खुर्चीतून उठलेच. नवरा, जो इतके दिवस लांबून गंमत बघत होता, तोही धावत आला.

"आई, हो म्हणून टाक! नशीब दार ठोठावतंय."

"फक्त त्यांच्याकडेच म्हणजे?" सासूबाईंनी मला विचारलं.

"बाकीच्या दुकानांतून काढायचं."

"आणि लायब्ररीतून?"

"तिथूनही," मी म्हटलं. तेव्हाच मला पुढचं दिसायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर ते पहिलं पानच नाचत होतं. "अहो आई, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. आक्कांना आपण फाईल पाठवू."

"आक्काला पाठवशील. तिच्यासारख्या बाकीच्यांना?"

त्यांनी तो निरोप पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "दुकानाचं काही चुकत नाही, त्यांचा तो धंदा आहे. पण माझं पुस्तक सगळीकडे राहील. हळू खपलं तर हळू खपू दे."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मीही दोन दिवस फुरंगटून होते. पण त्यांच्या शब्दापुढे जायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मी नम्रपणे नकार कळवला.

मोठ्या दुकानात पुस्तक मागे मागे सरकत गेलं. लायब्ऱ्यांत मात्र ते एका गावातून दुसऱ्या गावात पोचत राहिलं. मग आक्कांच्या गावच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. "वाचकांची रांग हटत नाहीये. लेखिकेला घेऊन येता का?"

आम्ही तिघं गेलो. खाली मुलांचा विभाग, वर लांबट सभागृह. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक कपाटांना टेकून उभे होते. पहिल्या रांगेत आक्का, आणि गणवेशातच आलेल्या नर्सेसचा एक घोळका. सासूबाई इस्त्रीच्या सुती साडीत ताठ उभ्या राहिल्या आणि थिएटरमध्ये बोलत असतील तशा बोलल्या, थोडं आणि स्पष्ट. खून करायची ती पद्धत खरोखर चालेल का, असं एकाने विचारलं. "चालणार नाही. मी मुद्दाम एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. कोणती, ते सांगणार नाही," त्या म्हणाल्या. सभागृह हसून हसून लोटपोट झालं.

मग एक तरुण नर्स उठली. "मॅडम, पुस्तकांत आम्ही नेहमी ट्रे घेऊन येतो आणि जातो. तुमच्या पुस्तकात खुनी नर्सनेच पकडला. आमच्या अख्ख्या वॉर्डाने वाचलंय."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मला आधीच कळलं होतं खुनी कोण ते!" आक्का मध्येच ओरडल्या.

"खोटं बोलते," सासूबाई चष्मा चढवत म्हणाल्या.

मी नवऱ्याला शोधलं. तो दाराशी उभा होता. ओळखदेख नसलेल्या एका गृहस्थांचा मोबाईल हातात घेऊन पुस्तक कुठे कुठे मिळतं ते त्यांना दाखवत होता. एक दुकान झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं.

"तुम्ही प्रकाशक का?" गृहस्थांनी विचारलं.

"छे हो, प्रकाशक ती, माझी बायको," माझ्याकडे बोट करत तो म्हणाला. "आणि त्या समोर आहेत ना, ती माझी आई."