वर्नाने न सांगितलेली गोष्ट

"आधी झाडू हातात दे, मग तोंड उघड."

तिला इथलं मार्गदर्शकाचं काम शिकवणाऱ्या हॅटीबाईंचा हा दंडक वर्नाने एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावरचं ओहायोतलं ते चिमुकलं संग्रहालय. येणाऱ्याने आधी थोडी जमीन झाडायची. मग वर्ना सांगायची, की हा माणूस फी परवडेना म्हणून शाळेत झाडलोट करून शिकला.

आजही सहावीची मुलं झाडत होती. तेवढ्यात नवा व्यवस्थापक ब्रेंट भलामोठा तक्ता घेऊन आला. कोणता राष्ट्राध्यक्ष किती हुशार, त्याचे आकडे!

"वर्ना, ती दोन हातांची गोष्ट सांगा ना. एका हाताने लॅटिन, दुसऱ्याने ग्रीक, एकाच वेळी लिहायचे!"

"कुणी पाहिलं होतं?"

"इंटरनेटभर आहे."

"शोधलंत तर मी मेल्याचंही सापडेल तिथे."

मुलं फिदीफिदी हसली. ब्रेंटचे कान लाल झाले.

"आणि हे आकडे हो?" वर्नाचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "गारफिल्ड गेले तेव्हा बुद्धी मोजायची चाचणीच निघाली नव्हती. यांची परीक्षा घेतली कुणी, तुम्ही?"

"सांगणार नसाल, तर उद्यापासून तिकीटखिडकीवर बसा."

"बसेन की. खोटं तिथूनही नाही सांगायची."

मॅरिबेल नावाच्या मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे ते हुशार नव्हतेच?"

"होते गं! खासदार असताना पायथागोरसचं प्रमेय त्यांनी नव्या रीतीने सिद्ध केलं. छापून आलंय ते. मला येतं करून दाखवता."

शाळेत गणितात गटांगळ्या खाणारी वर्ना. हॅटीबाईंनी तीन उन्हाळे घालून तिच्याकडून ते घोटून घेतलं होतं.

"दाखवा ना!"

"वेळ संपली. बस थांबलीय," ब्रेंट म्हणाला.

मॅरिबेल बसच्या पायरीवर अडून राहिली. "आमच्या वर्गात याल? नक्की?"

"बुधवारी, दहा वाजता. शब्द दिला."

बुधवारी तिकीटखिडकीच्या काचेवर बोट आपटत ब्रेंट म्हणाला, "कामाच्या वेळात शाळेत? रजा नाही मिळणार. गेलात तर परत येऊ नका."

"बरं," वर्ना म्हणाली. तिने गल्ल्याची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली, पेला विसळून पालथा घातला आणि टोपी कानांवर ओढली.

बाहेर पदपथावरचा बर्फ अजून कुणी सारला नव्हता. खिशातले खडू तुटू नयेत म्हणून ती सावकाश पावलं टाकत शाळेच्या दिशेने निघाली.