एक आवे मारिया पुरेल एवढा वारा

आमच्या बोलोन्याच्या मठात मी एकतीस वर्षं दोन कामं केली. स्वयंपाकघरात पीठ मळलं आणि ऑर्गनचा भाता मारला. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. माझ्यासारख्या कामकरी सिस्टरने पट्ट्यांना हात लावायचाच नाही, असा नियम. पण कुठला सूर किती वारा खातो, ते माझ्या खांद्यांना विचारा.

वाजवायच्या सिस्टर डियोदाता. सत्तरीच्या, हात एवढेसे, जीभ मात्र लांब. दर वर्षी संत मार्टिनच्या दिवशी त्या आपल्या गुरुबाईंची, सिस्टर ओर्तेन्सियांची, एक चीज वाजवायच्या. ओर्तेन्सिया त्याच दिवशी गेल्या होत्या. चिजेच्या शेवटी डाव्या हाताने एक अगदी जाड, खालचा सूर आणि त्याच्या बराच वरचा एक, असे दोन्ही एकदम धरायचे. तिथे भाता असा झपकन बसायचा की माझ्या पाठीचा काटा ढिला व्हायचा.

जुन्या ऑर्गनला डावीकडे पट्ट्या कमी होत्या. नळ्यांचा धातू वाचवायला मधले काही सूर गाळलेले, आणि तो जाड सूर दोन पट्ट्या अलीकडे आणून बसवलेला. म्हणून तर त्या इवल्या पंजात दोन्ही मावायचे. यंदा मठाच्या प्रमुख मदरच्या भावाने पैसे दिले म्हणून कारागीर आला आणि त्याने सगळे सूर जागच्या जागी बसवले. पट्ट्यांची रांग डावीकडे वाढली. सगळ्या खूश. डियोदातांचं बोट मात्र त्या सुरापर्यंत पोचेना.

"एक सूर सोडून द्या ना," मदर म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"भाता मारणाऱ्या बियाजाला कळतं."

"मग इप्पोलिता वाजवेल. तरुण आहे, बोटं लांब आहेत. उद्या सणाला तुम्हाला जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून चीज तिची."

त्या दुपारी सराव मध्येच थांबला. मी भात्यामागून डोकावले.

"काय हो, रडताय?"

"डोळ्यात धूळ गेली. तू आपलं काम कर." मग म्हणाल्या, "ओर्तेन्सियाबाईंचं माझ्याकडे एवढंच राहिलंय गं. तेही देऊन टाकू?"

मला इतका राग आला, की त्या कारागिराला पिठाबरोबर मळून काढावंसं वाटलं.

"तो मेला सूर आहे तरी कुठे?"

"सगळ्यात डावीकडची पट्टी. का गं?"

"सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी सणाची कणीक अर्धी टाकून मी तशीच धावत वर आले. चीज सुरू झाली. भाता गच्च भरला, की एक आवे मारियाची प्रार्थना म्हणून होईपर्यंत वारा पुरतो. शेवट आलेला खांद्यांना कळला तशी मी भात्याची दांडी पार वरपर्यंत रेटली, सोडून दिली आणि चार ढांगांत पुढच्या बाजूला आले.

डियोदाता पांढऱ्याफटक पडल्या. "अगं बये, भाता!"

"भरलाय. वाजवा तुम्ही!"

त्यांनी वरचा सूर धरला. मी डावीकडची पट्टी दाबली. एकतीस वर्षं ज्याला वारा पाजला, तो सूर माझ्या बोटाखालून उठला आणि पायाखालची फळी थरथरली. मला रडूच फुटलं. वारा संपला, आवाज ढळत ढळत विरून गेला, तरी आम्ही दोघींनी बोटं उचलली नाहीत.

प्रार्थना संपल्यावर मदर जिना चढून आल्या.

"पोचला म्हणायचा हात!"

"पोचला, मदर," डियोदाता म्हणाल्या. "एकतीस वर्षं लागली."

मदरनी शेवटच्या पट्टीवरचं पीठ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नियम आठवून खाली मान घातली. त्यांनी बाहीने पट्टी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"पुढच्या वर्षी," त्या मला म्हणाल्या, "हात धुऊन ये."