साडेचारचा प्रश्न

माझ्या पाठीचे झाकण केव्हाच हरवले आहे. बॅटरी जागेवर राहावी म्हणून मला रबरबँड गुंडाळलेला असतो, आणि पाचाच्या बटणावरचा आकडा पार पुसून गेला आहे. मित्रांनो, असा मी एक जुना, बटणांचा मोबाइल. तुमच्या घरातल्या काचेच्या, गुळगुळीत फोनांपुढे माझी काय पत्रास! तरीही मला माझी गोष्ट सांगायची आहे, कारण ती एकट्या माझी नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांपाशी पांढरे हातमोजे घातलेल्या मुली बसलेल्या असत. एकीने माझ्यात स्पीकर बसवला, दुसरीने बटणे बसवली आणि तिसरीने मला तीन वेळा जमिनीवर टाकून पाहिले. "हा टिकेल," असे म्हणून तिने मला खोक्यात ठेवले. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले एका ट्रक ड्रायव्हरने. त्याच्या खिशात बसून मी मुलूखभर हिंडलो, दोनदा पेट्रोल पंपावर विसरला गेलो आणि एकदा चहाच्या पातेल्यात पडता पडता वाचलो. पुढे त्याने नवा फोन घेतला आणि मला घरी बायकोकडे दिले. "राहू दे तुझ्याजवळ. निदान सापडशील तरी," तो म्हणाला आणि वीस दिवसांच्या फेरीवर निघून गेला. माझे खरे आयुष्य तिथून सुरू झाले.

तिला सगळे गाव ताई म्हणे. गावाबाहेरच्या रस्त्यावर दूध संकलन केंद्र होते. एक लांबट खोली, पांढऱ्या फरशीचे टेबल, भिंतीशी ओळीने उभे केलेले कॅन आणि सदा ओली असलेली जमीन. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन रांगेत उभे राहत. ताईचे काम दूध तपासण्याचे. उंच भांड्यात दूध ओतायचे आणि त्यात लॅक्टोमीटर सोडायचा. ही काचेची एक नळी असते, तिच्यावर आकडे असतात. निर्भेळ दुधात ती वर तरंगते आणि दुधात पाणी असेल तर खोल बुडते. ताई वाकून आकडा वाचे आणि मोठ्याने सांगे. तिच्या आकड्यावर कधी कोणी वाद घालत नसे. पाणी घालणारे तिला टरकून असत आणि न घालणारे तिला मान देत. मी तिच्या एप्रनच्या खिशात बसून हे ऐकत असे आणि उगाचच माझीही छाती फुगत असे.

पण घरचे चित्र वेगळे होते. घरी ती आणि तिच्या सासूबाई, दोघीच. दिवसभर वाकून वाकून ताईची कंबर धरायची आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. कोणीतरी सांगितले म्हणून ती झोपण्याआधी एक ग्लास दारू घेऊ लागली. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. बाटली पिठाच्या डब्यामागे असे. मांजर डोळे मिटून दूध पिते, तशी ती पाठ करून प्यायची. सासूबाई पिठाचा डबा पुसताना बाटली उचलून खालची जागा पुसायच्या आणि बाटली होती तिथेच ठेवून द्यायच्या. बोलायच्या मात्र नाहीत.

एकदा दवाखान्यातली सिस्टर केंद्रावर रक्तदाब तपासायला आली. तिने प्रत्येकाला बाजूला बसवून थोडे प्रश्न विचारले. ताईला तिने पिण्याविषयीही विचारले. ताई म्हणाली, कधीतरी, सणासमारंभाला. सिस्टरने मान डोलावली आणि सांगितले की दवाखान्याने एक सोय केली आहे. रोज साडेचारला यंत्राकडून मोबाइलवर एक प्रश्न येईल, उत्तरादाखल नुसता आकडा पाठवायचा, आणि ही गोष्ट दवाखान्याबाहेर कोणालाही कळणार नाही. "मेसेज वाचायला काय जातंय," असे म्हणून ताईने माझा नंबर देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी थरथरलो. निरोप छोटा होता. "नमस्कार. काल किती ग्लास? फक्त आकडा पाठवा." आदल्या संध्याकाळचे पाच ग्लास मी कपाटावरून पाहिले होते. ताईने इकडेतिकडे बघितले आणि एकाचे बटण दाबले. लगेच उत्तर आले. "छान. एकावर थांबलात. असेच चालू ठेवा." तिने मला टेबलावर पालथे टाकले.

मित्रांनो, मोबाइलच्या हाती फार थोडे असते. दाबलेला आकडा जसाच्या तसा पोचवायचा, एवढेच माझे काम. तीन महिने मी रोज एक हा आकडा पोचवत राहिलो आणि रोज शाबासकी घेऊन येत राहिलो. ती शाबासकी ताईला मानवत नव्हती. निरोप वाजला की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "आला बघ तुझा दुसरा सासरा, विचारपूस करायला." त्यांना वाचता येत नव्हते, पण कान तिखट होते. ताई हसण्यावारी न्यायची आणि त्या दिवशी जरा जास्तच प्यायची.

मग ती सकाळ उजाडली. रांगेत पोस्टमन काका होते. ते केव्हाच निवृत्त झाले होते. दारात एकच गाय होती आणि त्या गाईचे दूध ते लहान कॅनमधून स्वतः घेऊन येत. त्या दिवशी ताईचे हात उठल्यापासून थरथरत होते. मी तर खिशातच होतो. थरथर तिची कुठली आणि माझी कुठली, मलाही कळेना. तिने काकांचे दूध ओतले, लॅक्टोमीटर सोडला, वाकून पाहिले आणि म्हणाली, "बावीस. काका, पाणी आहे यात."

  काकांनी कॅनचे झाकण लावले, चष्मा पुसला आणि ते निघून गेले. मागून कोणीतरी म्हणाले, "यांच्याकडून अशी अपेक्षा नव्हती." ते त्यांच्या कानावर गेलेच असणार.

प्रत्येकाच्या दुधाचा थोडा नमुना बाटलीत जपून ठेवण्याचा नियम होता. दुपारी केंद्र रिकामे झाल्यावर ताईने काकांच्या नमुन्याची बाटली काढली. तिने दोन्ही कोपर टेबलावर टेकवले, दूध एका अरुंद भांड्यात ओतले आणि नळी सोडली. अठ्ठावीस. पुन्हा पाहिले. अठ्ठावीसच. दूध निर्भेळ होते.

खोलीत ती आणि मी, दोघेच होतो. बाटली विसळून टाकली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. तिने नळ सोडलासुद्धा. मग तो बंद केला, बाटलीला बूच लावले आणि ती स्टुलावर बसून राहिली. तेवढ्यात साडेचार वाजले आणि मी थरथरलो. काल किती ग्लास?

तिने एक दाबले. पुसले. परत एक दाबले आणि परत पुसले. मग सात दाबले आणि डोळे मिटून पाठवून दिले.

मी ते सात घेऊन निघालो तेव्हा मला वाटले, आता हिची चांगलीच खरडपट्टी निघणार. पण आलेला निरोप असा होता: "कळवल्याबद्दल आभार. सकाळी हात थरथरतात का? हो किंवा नाही लिहा." तिने हो लिहिले. "मग दारू एकदम बंद करू नका. शरीराला त्याने धोका होऊ शकतो. उद्या दवाखान्यात या." आणि दहा मिनिटांत सिस्टरचा फोन आला. यंत्र नव्हे, स्वतः सिस्टर. तिने फक्त विचारले, की उद्या अकराला जमेल का.

दवाखान्यात ताईने मला घट्ट मुठीत धरले होते. सिस्टरने तिला तपासले आणि डॉक्टरांकडून औषध मिळवून दिले. दर थोड्या दिवसांनी एकेक ग्लास कसा कमी करायचा ते समजावले आणि मधे दोनदा येऊन दाखवायला सांगितले. निघताना ताई म्हणाली, "तीन महिने मी खोटा आकडा पाठवत होते."

"माहीत आहे मला. कोणाचाच आकडा रोज एक येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"पाठवत होतात ना. पाठवायचं बंद केलं असतं, तर मी घरी आले असते."

तिथून ताई थेट पोस्टमन काकांच्या घरी गेली. काका गाईपुढे वैरण टाकत होते. तिने उभ्या उभ्याच सगळे सांगितले, हाताचे आणि पिण्याचेही. काकांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "इथं मला कशाला सांगतेस? जिथं म्हणालीस, तिथंच सांग."

तिच्या तोंडचे पाणी पळाले. केंद्राचे सेक्रेटरी कडक होते. तिची नोकरी जाऊ शकत होती. घरी येऊन तिने सासूबाईंना विचारले, काय करू? सासूबाई कांदा चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पिठाच्या डब्यामागं काय आहे हे मला दोन वर्षं माहीत आहे. गावाला काय माहीत नसणार? तू सांगितलंस तर निदान तुझ्या तोंडून तरी ऐकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग भरली तेव्हा ताईने एप्रन घातला नाही. मी तिच्या मुठीत होतो. ती टेबलापुढे आली आणि म्हणाली, "पोस्टमन काकांच्या दुधात पाणी नव्हतं. माझा हात थरथरत होता, आकडा मी चुकीचा वाचला. हात का थरथरतो ते तुम्हाला ठाऊक असेल. मी उपचार सुरू केलेत, दवाखान्यातून रोज मेसेज येतो." एक जण फिसकन हसला. बाकी कोणी हसले नाही. दुधाचा टँकर भरायला आलेला चालक पाईप हातात धरून तसाच उभा राहिला.

सेक्रेटरी म्हणाले की यापुढे तपासणी एकट्या ताईवर सोडता येणार नाही. कोणीतरी दुसऱ्याने प्रत्येक आकडा पाहायला हवा, आणि त्यासाठी माणूस कुठून आणायचा? तेव्हा रांगेतून पोस्टमन काका पुढे आले. "मी बसतो. सकाळी मला तरी दुसरं काय काम आहे," एवढेच ते बोलले. पुढचे दोन महिने ते ताईच्या शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक आकडा वाचत. एकदा त्यांनी तिला सांगितले, की नोकरीत वाईट बातमीचे पत्र हाती आले की त्यांचे पाय जड व्हायचे, पण एकही पत्र न पोचवता त्यांनी घरी नेले नाही. ताईने नुसते हं म्हटले आणि पुढचे दूध ओतले.

मित्रांनो, त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. सातावरून सहा, मग पाच, मग कितीतरी दिवस चारच. मधे तिचा नवरा फेरीवरून आला आणि दोन दिवसांत परत गेला, त्या संध्याकाळी पुन्हा सहा. तेही तिने खरेच कळवले. उत्तर आले, "असे होते. उद्याही आकडा पाठवा." एकदा निरोपात विचारले होते, की तुम्हाला कोणासाठी कमी करायचे आहे? ताईने बराच विचार करून लिहिले, "हातासाठी." पुढच्या आठवड्यात आकड्याच्या प्रश्नाखाली एक जादा ओळ होती. "आणि हात कसा आहे?" ही ओळ यंत्राने लिहिलेली नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळले.

वर्ष झाले तेव्हा बहुतेक दिवशी आकडा शून्य असे, कधी एक. हा एक मात्र खरा होता. त्याच सुमारास दवाखान्याची ती योजना संपली. आभाराचा शेवटचा निरोप आला आणि साडेचारची वेळ मुकी झाली. नवऱ्याने ताईला नवा फोन आणला. मी सुट्या बटणांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या डब्यात जाऊन पडलो. अंधारात बॅटरी संपत गेली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण आपले काम झाले, असे मी स्वतःला समजावले.

एके दिवशी झाकण उघडले. ताईने मला बाहेर काढले, फडक्याने पुसले, माझ्यात सिमकार्ड घातले आणि चार्जिंगला लावले. झाले होते असे, की टँकरचा चालक कॅन मोजता मोजता तिला हळूच म्हणाला होता, "ताई, ते मेसेज कुठून यायचे हो?" ताईने सिस्टरला विचारले. सिस्टर म्हणाली, त्याला माझ्याकडे पाठवा, मी तपासते. पण रोजचा प्रश्न विचारायला आता यंत्र नाही. जुने सगळे निरोप माझ्याच पोटात होते. ताईने ते एकामागून एक वाचले आणि साडेचारला माझ्याच बटणांवर सावकाश लिहिले, "काल किती ग्लास? फक्त आकडा पाठव."

उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ती रोज विचारत राहिली. टँकर भरताना तो समोर असे, पण ती तिथे चकार शब्द काढत नसे. चौथ्या दिवशी मी थरथरलो. निरोप होता, "ताई, मोठे धरायचे की छोटे?"

ताई इतकी हसली की सासूबाई बाहेर आल्या. मग तिने लिहिले, "मोठे." थोड्या वेळाने आकडा आला. तो मी सांगणार नाही, तो त्याचा आहे. दुसऱ्या दिवशी तो टँकर दवाखान्यासमोर उभा असलेला लोकांनी पाहिला.

मित्रांनो, माझी बॅटरी फुगत चालली आहे, फार दिवस मी टिकणार नाही. म्हणून एकच मागणे मागतो. तुमच्या घरात, शेजारी, कोणाचे हात सकाळी थरथरत असतील. त्यांना हसू नका, त्यांच्यावर ओरडू नका आणि त्यांना एकटेही सोडू नका. मोठ्या माणसांना सांगा, दवाखान्यात जायला सांगा. आणि रोज न रागावता विचारत राहा, कसे आहात म्हणून. उत्तर यायला वेळ लागतो. कधी तीन दिवस लागतात, कधी तीन महिने.