पाच नंबरला उतरव

प्रशिक्षक दार्दोने दोन्ही हात पुढे ढकलत बचावफळीला वर सरकायला सांगितलं. ती सरकली, पण उशिरा. चेंडू तिच्या डोक्यावरून मागे पडला आणि पाहुण्यांच्या नऊ नंबरने तो सावकाश जाळ्यात सारला. अर्धा तास उरला होता. आज हरलं की क्लब खालच्या विभागात जाणार होता.

मागच्या कुंपणातून आवाज आला.

"ए शहाण्या! बाकावर बसून अंडी उबवतोयस का? पाच नंबरला उतरव!"

दार्दोने वळून पाहिलं नाही. आवाज त्याच्या बापाचा होता.

मॉन्तेविदेओच्या या वस्तीतलं मैदान इतकं लहान, की शिव्या कोण घालतंय हे प्रशिक्षकाला नावानिशी कळतं. खाटीकखान्यात हाडं झिजवलेल्या इलारियोने याच कुंपणाला रेलून मुलाचे सामने पाहिले होते. तेव्हा पाच नंबर म्हणजे दार्दो. त्याच्या अंगावरून पुढे जायची कुणाची टाप नव्हती. मग तो मेक्सिकोत खेळला, गुडघा गमावून बसला, प्रशिक्षक झाला आणि देशोदेशीच्या क्लबांनी त्याला नारळ दिला. यंदा इक्वेडोरचं बोलावणं सोडून तो या कंगाल क्लबात आला, तो म्हाताऱ्याने एकदा तरी आपल्याला इथे जिंकताना पाहावं म्हणून. पण तोवर म्हाताऱ्याच्या डोक्यातली मागली वीस वर्षं पुसली गेली होती. बाकावरचा हा टकला माणूस त्याच्या लेखी कुणीतरी उपरा होता.

"बाबा, पुरे आता," बहीण मिर्ता म्हणत होती. "अहो, तोच तर..."

"तू गप्प बस. तुला खेळातलं काय कळतंय?"

शेवटच्या मिनिटाला दार्दोच्या एका खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली. खेळाडू होते तिथेच गवतावर बसले. क्लबचे अध्यक्ष दार्दोच्या शेजारून मान वळवून निघून गेले. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

तो कुंपणापाशी गेला. 'बाबा' ओठांवर आलं होतं. पण मागे एकदा तसं म्हटल्यावर म्हातारा घाबरून रडला होता.

"माफ करा, काका."

"माफी कसली मागतोस? माझ्या दार्दोला का नाही उतरवलंस?"

"गुडघा दुखतोय त्याचा."

इलारियोचा आवाज उतरला. बगलेतला 'माते' या कडू चहाचा थर्मास सावरत तो पुढे वाकला.

"फार दुखतोय?"

"हो."

"बोलून दाखवणार नाही तो. लहानपणापासून तसाच आहे. हरला की जेवतसुद्धा नाही. आत बसलाय ना?"

दार्दोने होकारार्थी मान हलवली.

"त्याला म्हणावं, बाप बाहेर थांबलाय. रागावणार नाही म्हणावं. त्याची काही चूक नाही यात. सगळं तू घालवलंस."

"मीच घालवलं, काका."

"मग उभा काय राहिलास? जा, सांग त्याला."

दार्दो खेळाडूंच्या खोलीकडे चालू लागला. दुसरीकडे कुठे जायचं हे त्याला सुचेना. मागे मिर्ता म्हाताऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती.

"वारा सुटलाय, बाबा. घरी चला."

"दार्दो येऊ दे," इलारियो म्हणाला. "त्याला असा एकटा टाकून जाऊ होय?"