कुसुमच्या नावापुढचं हिरवं पान

माझ्या बायकोची, कुसुमची शाल आणि टेबलाखालचा छोटा हीटर न्यायला मी बंगळूरमधल्या हेब्बाळला तिच्या ऑफिसात गेलो. ती जाऊन महिना झाला होता. मी बस चालवतो, तिच्या मजल्यावर कधी चढलो नव्हतो. रखवालदार मानाजीराव, आमच्याच गल्लीतले, मला वर घेऊन गेले.

भिंतीवर मोठा स्क्रीन होता. कोणत्या टेबलाला किती वीज लागते, तिथली हवा किती गार आहे, सगळं नावासकट दिसत होतं. कमी वीज असेल तर हिरवं पान, जास्त असेल तर लाल ठिपका. आजारपणात कुसुमला एसी सोसेना, म्हणून ती हीटर लावायची. तिच्या लाल ठिपक्यामुळे टेबलांच्या अख्ख्या ओळीचं बक्षीस जायचं. लोक टोमणे मारायचे. शेवटी तिनं हीटर बंद केला. घरी आली की गार पडलेले हात माझ्या मानेवर ठेवायची.

आता तिच्या नावापुढं हिरवं पान होतं. ओळीतले लोक केक कापत होते.

"तिचं नाव अजून का ठेवलंय?" मी विचारलं.

ओळीचा प्रमुख भुवन तोंडात केक असतानाच म्हणाला, "राहू द्या की अंकल. कुसुमक्कांमुळेच पहिले आलो. आता त्यांना थंडीपण वाजत नाही."

कुणीतरी हसलं.

मी तिच्या टेबलाखालचा हीटर पूर्ण चालू केला.

"अय्यो, बेडा, नको अंकल! आकडा बिघडेल!" म्हणत भुवन प्लग काढायला वाकला. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. ओळीतली एक मुलगी किंचाळली. भुवननं स्टीलची बाटली माझ्या कपाळावर हाणली. मी त्याचे केस धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. केकवर रक्त उडालं.

मानाजीरावांनी मागून माझ्या गळ्याला विळखा घातला. "शामराव, सोडा! मरेल तो!"

"ते पान जाईपर्यंत प्लगला कुणी हात लावायचा नाही."

मानाजीरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. माझा गळा सोडला नाही, पण बाकीच्यांवर ओरडले, "कुणी हात लावू नका रे!"

हीटरच्या कांड्या लाल झाल्या. भुवन रक्त थुंकत होता. सगळे स्क्रीनकडे बघत उभे राहिले. मग पान गेलं. कुसुमच्या नावापुढं लाल ठिपका आला.

मानाजीरावांनी विळखा सोडला. मी प्लग काढला. "आता पोलिसांना बोलवा," म्हटलं आणि तिच्या खुर्चीत बसलो.

वरून एसीचा वारा सरळ मानेवर येत होता.