कौसाबाईंचे वाचन

मित्रांनो, ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या नाकावर बसून गेले, असा मी एक जुना चष्मा आहे. माझ्या काचा गोल आहेत. उजव्या काचेचा एक टवका उडालेला आहे आणि डावी दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली आहे. चष्म्याला वाचता येते का, असे तुम्ही विचाराल. येत नाही. आम्ही अक्षर मोठे करून दाखवतो, एवढेच. पण काचेमागचा डोळा वाचतो आहे की नुसता बघतो आहे, हे मात्र आमच्याइतके कोणालाच कळत नाही.

माझा जन्म कराचीतल्या एका लहानशा दुकानात झाला. माझे पहिले मालक लेखूमल मास्तर. ते सिंधी शाळेत शिकवत. सिंधी लिपी उजवीकडून डावीकडे जाते. त्यामुळे मास्तरांचे डोळे ओळीच्या उजव्या टोकाकडून निघत, डाव्या टोकाला पोचत आणि टुणकन उडी मारून पुन्हा उजवीकडे येत. दिवसभर हीच ये-जा. मला वाटे, जगातले सगळे डोळे असेच चालतात.

मग फाळणी झाली. मास्तर मला सदऱ्याच्या खिशात घालून आगबोटीत बसले आणि कल्याणजवळच्या छावणीत, लष्कराने सोडलेल्या एका बराकीत येऊन राहिले. त्या छावणीला पुढे उल्हासनगर हे नाव पडले. इथे पुस्तके फारशी नव्हती. मास्तर हाताला लागेल ते वाचत, अगदी औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. पाचएक वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका सकाळी त्यांनी मला लावले, काढले, धोतराच्या सोग्याने पुसले, पुन्हा लावले, पुन्हा पुसले. माझ्या काचा स्वच्छच होत्या.

त्याच आठवड्यात पाच नंबर कॅम्पच्या बाजारात, मास्तरांनी सुया, बटणे आणि कुलपे मांडलेल्या बाजेवर, मीही जाऊन पडलो.

तिथे १९५३ साली दोघी बायका आल्या. पुढची राजाबाई. अंबरनाथच्या ख्रिस्ती मंडळीतर्फे त्या घरोघर जाऊन आजारी बायकांजवळ बसत, त्यांच्यासाठी प्रार्थना करत. मागची कौसाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, डोक्यावरून पदर, पायांत वहाणा नाहीत.

"हा लावून बघ," राजाबाई म्हणाल्या.

"कशाला उगीच? चाललंय माझं."

"काय चाललंय? पुस्तक मिळून दोन महिने झाले. विचारलं की म्हणतेस, डोळ्यांना दिसत नाही. आज हे कारण मी संपवणार."

मास्तरांनी मला चाचपून उचलले आणि पुढे केले. "ले जाओ, माई. इसने बहुत पढ़ा है. इसको खाली बैठने की आदत नहीं."

राजाबाईंनी बाजेवरची सुई-दोरा कौसाबाईंच्या हातात दिला. दोरा पहिल्याच झटक्यात नेढ्यातून गेला.

"दिसतंय," कौसाबाई म्हणाल्या. पण चोरी पकडली जावी तसा त्यांचा आवाज पडला होता.

त्याचे कारण मला पुढे समजले. कौसाबाई मूळच्या वांगणीकडच्या. नवरा काडेपेटीच्या कारखान्यात लागला म्हणून त्या अंबरनाथच्या चाळीत आल्या. नवरा गेला, मग त्याच कारखान्यात मुलगा जनू लागला. एका पावसाळ्यात कौसाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. तेव्हा राजाबाई एकवीस दिवस रोज येऊन उशाशी बसल्या. बऱ्या झाल्यावर कौसाबाई त्यांच्याबरोबर उपासनेला जाऊ लागल्या आणि वर्षभराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जनूने हरकत घेतली नाही आणि तो त्या वाटेला गेलाही नाही. नळावरच्या बायका मात्र म्हणाल्या, "हिला काय कळतंय? चर्चात वाटतात त्या दुधाच्या पावडरीसाठी बाटली ती."

हे बोलणे कौसाबाईंना फार लागले होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यांना शास्त्राचे पुस्तक, बायबल, दिले आणि भर मंडळीत विचारले, "वाचता येतं ना, बाई?" मागे कोणीतरी फिसकन हसले. कौसाबाईंच्या तोंडून निघून गेले, "येतं थोडं थोडं."

"मग रोज सकाळी एक अध्याय वाचायचा, त्यावर विचार करायचा आणि प्रार्थना करायची. एक दिवस चुकवायचा नाही."

मित्रांनो, कौसाबाईंना एकही अक्षर येत नव्हते.

आता चष्मा आला. सबब संपली. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा पहिला भोंगा झाला, जनू डबा घेऊन गेला आणि कौसाबाई दाराशी पाटावर बसल्या. मला नाकावर चढवले आणि पुस्तक उघडले. मी सवयीने डोळे उजवीकडून निघण्याची वाट पाहू लागलो. डोळे निघाले नाहीत. मग वाटले, मराठी डावीकडून निघत असेल. तिकडूनही निघाले नाहीत. ते पानाच्या मधोमध, डबक्यावर चिलट बसावे तसे बसून राहिले. ओठ मात्र हलत होते. "तांदूळ निवडायचेत. जनूच्या सदऱ्याला बटण लावायचंय. घासलेट संपलंय." एवढे झाल्यावर त्यांनी पान उलटले, खुणेसाठी केरसुणीची काडी घातली आणि पुस्तक मिटले.

असे रोज चालू झाले. येणारे-जाणारे पाहत. नळावरच्या बायका हळूहळू गप्प झाल्या. शेजारची अंजनी तर आपल्या मुलांना सांगू लागली, "बघा, या वयात बाई रोज वाचते. नाहीतर तुम्ही!" माझेही कौतुक झाले. कोणी म्हणाले, चष्म्यात कौसाबाई मास्तरीण दिसतात. खरे सांगतो, मला त्या कौतुकाचे काही वाटले नाही. मी काय काम करत होतो, ते मला माहीत होते.

पण एक गोष्ट घडत गेली. रोज अर्धा तास एका जागी बसायचे, तर माणूस बटणांचा विचार किती दिवस करणार? महिनाभरात ओठांवरचे शब्द बदलले. रविवारी ऐकलेले एखादे वचन त्या घोळवू लागल्या. मग एके दिवशी त्या एकदम पुटपुटल्या, "देवा, पुस्तक उघडं हाय आणि मी आंधळी. लोकांना फसवतेय, तुला काय फसवू? पण आलेय तर बोलते." आणि त्या बोलू लागल्या. जनूला खोकला होता, त्याबद्दल बोलल्या. सून सुनेत्रा लग्नाला चार वर्षे होऊनही माहेरच्या आठवणीने चुलीपाशी रडायची, तिच्याबद्दल बोलल्या. नळावरच्या बायकांचा राग मनातून जात नाही, तेही सांगितले. त्या दिवसापासून त्यांचे वाचन खोटे राहिले आणि प्रार्थना खरी झाली. दोन्ही एकाच पाटावर, एकाच वेळी. दोन वर्षे एक सकाळही चुकली नाही.

या नेमाची कीर्ती पाळकांपर्यंत गेली. बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला आठ-दहा बायका दर बुधवारी जमत. त्यांच्यात कोणालाच वाचता येत नव्हते. पाळक म्हणाले, "कौसाबाई, तुम्ही जा. त्यांना वाचून दाखवा."

कौसाबाईंच्या तोंडून नकार निघेना. कोणत्या तोंडाने निघणार?

बुधवारी आम्ही गेलो. शेणाने सारवलेल्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. कौसाबाईंनी पुस्तक कुठेतरी उघडले आणि शंभर मेंढरांतले एक हरवते व धनी त्याला शोधायला रानात जातो, ती गोष्ट तोंडपाठ सांगितली. फार सुरेख सांगितली. बायका माना डोलावत होत्या. कौसाबाईंनी सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटायला घेतले, तेवढ्यात पुढे बसलेली एक बाई गुडघ्यांवर सरकत जवळ आली. ती पुतळी. बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून लाकडाची मोळी विकायला ती बदलापुरात येई आणि मोळी विकली गेली की इथे येऊन बसे.

"बाय," पुतळी म्हणाली, "मना दाखव ना. त्या मेंढराचा नाव कुठं लिवलाय? माझा बोट धर, त्यावर ठेव."

तिच्या मनात शंका नव्हती. तिला फक्त त्या मेंढराला हात लावायचा होता.

कौसाबाईंनी तिचे बोट धरले. पानावर काळ्या ओळींचे नुसते रान होते. त्यांनी ते बोट कुठेतरी टेकवले. पुतळीने तिथे बोट थोडा वेळ ठेवले, मग ते कपाळाला लावले आणि हसली.

माझ्या काचा आतून ओल्या झाल्या. समोरचे सगळे धूसर झाले. मास्तरांच्या डोळ्यांतून शेवटी शेवटी असेच दिसत असावे.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, पण पाट मांडला गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पुस्तकावर पडून होतो आणि पुस्तक फळीवर. पाचव्या दिवशी दुपारी सुनेत्रा भाकरीचे पीठ मळत होती. कौसाबाई तिच्यापुढे येऊन बसल्या.

"सुनेत्रा, मला वाचता येत नाय."

सुनेत्राने हात थांबवला नाही. "ठाऊक आहे, आत्याबाई."

"कधीपास्नं?"

"पहिल्या वर्षापासून. मी चौथी शिकलेय. एकदा तुमची काडी काढून पार मागच्या पानात घातली. तुम्ही सकाळी तिथूनच पुढं सुरू केलंत."

"मग बोलली का नाहीस? चाळीत हसं झालं असतं माझं, तुला बरंच झालं असतं."

सुनेत्राने आता पीठ बाजूला सारले. "तुम्ही तिथं बसून हळूच बोलायचा ना, ते चुलीपाशी ऐकू यायचं. माझं नाव घेऊन कोणी देवाशी बोलतं, हे मला माहेरीसुद्धा माहीत नव्हतं. ते खोटं नव्हतं, आत्याबाई. मग बाकीचं मी कशाला काढू?"

मग कौसाबाईंनी पिठाच्या परातीकडे बोट दाखवले. "मेंढरातला 'म' कसा काढतात?"

सुनेत्राने परातीत मूठभर कोरडे पीठ पसरले आणि बोटाने 'म' काढला.

रविवारी कौसाबाईंनी पाळकांना सगळे सांगितले. खूप बोलणी खायची तयारी करून त्या गेल्या होत्या. "मी तुम्हाला चारचौघांत विचारलं. ते माझंही चुकलं, बाई," एवढेच पाळक म्हणाले. बुधवारचे काम त्यांनी दुसऱ्या बाईला दिले. नळावर ही बातमी पोचलीच. चार दिवस हसणे झाले. अंजनी आपल्या मुलांना पुन्हा दाखला देईनाशी झाली. कौसाबाई हंडा भरून मुकाट्याने परत येत.

पण सकाळचा पाट पुन्हा मांडला गेला. आता शेजारी सुनेत्रा बसे. दिवसाला एक अक्षर, त्यावर एक शब्द, मग प्रार्थना. अध्याय वगैरे काही नाही. माझ्या काचांमागे डोळे चालू लागले. डावीकडून निघत, दोन अक्षरांवर अडखळत, माघारी येत, पुन्हा निघत. पन्नाशीला आलेल्या डोळ्यांना ओळ म्हणजे घाटच. पहिली पूर्ण ओळ ओलांडायला आठ महिने लागले. त्या सकाळी कौसाबाईंनी मला काढले, पदराने पुसले आणि सुनेत्राच्या नाकावर ठेवले. का, ते त्यांनाच ठाऊक. सुनेत्राला माझ्यातून काहीच दिसले नाही, तरी ती हसत राहिली.

त्यानंतर महिनाभराने एका बुधवारी आम्ही बदलापूरला गेलो. पुतळी ओट्याच्या कडेला बसली होती.

"पुतळी, त्या दिवशी मी तुझं बोट भलतीकडंच ठेवलं," कौसाबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नव्हतं. खोटं वागले."

"मंग मना तरी कुठं येतंय?" पुतळी म्हणाली. "तू इतक्या लांबून सांगाया आलीस, बस झाला. आता वाच."

कौसाबाईंनी वाचले. सहा ओळींना अर्धा तास लागला. दोघी बायका मध्येच उठून गेल्या. पुतळी शेवटपर्यंत बसली.

मित्रांनो, पुढे १९५८ साली कौसाबाईंचा नंबर वाढला. जनूने त्यांना नवा चष्मा करून दिला. मी काही काळ डब्यात पडून होतो. एक दिवस कौसाबाईंनी मला पुतळीला देऊन टाकले आणि बरोबर शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या गोष्टींची, एक पातळ पुस्तिकाही दिली. तेव्हापासून मी डोंगरातल्या या वाडीवर आहे. माझी दांडी इथेच मोडली. पुतळी मला लावून तांदळातले खडे वेचते, पायातला काटा काढते. अक्षर तिला आले नाही. तिने प्रयत्न केला, सोडून दिला आणि ते कोणापासून लपवले नाही.

पण तिचाही सकाळचा नेम आहे. वाडीवरून खाली शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर एक सपाट दगड आहे. ती मला लावून, मांडीवर पुस्तिका उघडून, त्यावर बसते. पाटी-दप्तर घेतलेल्या मुली वाटेने येतात. पुतळी पुस्तिका पुढे करते. "मना वाचता येत नाय. चार ओळी वाच, बाय. मी ऐकते." एखादी थांबते, भराभर वाचते आणि पळते. पुतळी डोळे मिटून ते दोनदा मनात म्हणते, आपले बोलणे देवाशी बोलते आणि कोयता उचलून रानात जाते. ज्या दिवशी कोणी थांबत नाही, त्या दिवशी ती बराच वेळ बसून राहते.

माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. काचा पुसत जा, दांड्या वाकवू नका, हे तर आहेच. पण वाटेत कोणी तुमच्यापुढे असे पान धरले, तर "उशीर होतोय" म्हणून पुढे जाऊ नका. चार ओळींनी शाळेची घंटा चुकत नाही.